न विचारता कापलेले कापड

चिरंजीवांच्या आईस सप्रेम आशीर्वाद.

माझी प्रकृती आता उत्तम आहे. मूतखडा होता, तो पडला. थोरल्याच्या स्वयंपाकघरात मी कळवळून जमिनीवर पडलो, असे मुलीने तुला फोनवर सांगितले असेल. तितके काही नव्हते.

तिन्ही मुले धावून आली. थोरला मला पाठुंगळी घेऊन जिना उतरला. धाकट्याने पाय चेपले. सेवेत उणे काढण्यास जागा नाही.

काल मी डोळे मिटून पडलो होतो. झोपलो असे समजून तिघे उशाशीच बोलू लागले.

"बाबा आता माझ्याकडे राहतील, आई तुझ्याकडे," थोरला बहिणीला म्हणाला. "दोघांना एकत्र सांभाळणं कुणालाच जमणार नाही."

"दुकान विकून टाकू. आईकडून किल्ली मी आणतो," धाकटा म्हणाला.

"अरे, पण बाबांना विचारायला नको?" मुलगी म्हणाली.

"विचारलं तर नाहीच म्हणतील ना!"

तिघेही हसले.

कापडाला कात्री लावण्यापूर्वी मी गिऱ्हाइकास दोनदा विचारत आलो. येथे आपल्या दोघांची वाटणी झाली आणि मला एकदाही कोणी विचारले नाही. तरी मी डोळे उघडले नाहीत. ज्याने पाठीवर वाहून नेले, त्याच्यावर कोणत्या तोंडाने ओरडावे?

तुझा गुडघा कसा आहे?

धाकटा येईल. त्यास पोटभर जेवू घाल, परंतु किल्ली देऊ नकोस. हरवली म्हणून सांग. उभे राहता येताच मी निघतो. माझी खाट तुझ्या खाटेशेजारून कोणालाही हलवू देऊ नकोस.

कळावे,
अद्याप दुकानाचा मालक