फोटोतली बाई

आई,

तुझ्या नातीकडे इंग्लंडला पंधरा दिवस राहून परवाच नाशिकला परत आलो. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. तिनं मला तिथलं एक म्युझियम दाखवलं. हजार वर्षांपूर्वी त्या भागात व्हायकिंग नावाचे दर्यावर्दी लोक राहायचे, त्यांचं अख्खं गाव जमिनीखाली पुन्हा उभं केलंय. छोट्या गाडीत बसवून आपल्याला त्या गावातून फिरवतात. मासे साफ करणारी बाई, शिंगाचे कंगवे करणारा माणूस, कोंबड्या, भांडणं, सगळं खरं वाटावं असं. वर वासही सोडतात, शेणाचा, कातड्याचा, ओल्या लाकडाच्या धुराचा. तिकीट काढून धूर हुंगायला आलो, म्हणून मी हसत होतो. मग गाडी एका झोपडीपाशी वळली, आत चूल धुमसत होती, आणि माझं हसू गेलं. मखमलाबादच्या मळ्यातलं आपलं स्वयंपाकघर. तू फुंकणीनं जाळ करते आहेस, खोकते आहेस, झेंडू खुडून तुझी बोटं काळपट झाली आहेत. "लाकडं भिजली तर सांगायचं नाय का रं? तोंड शिवलं होतं का?" म्हणून मला झापते आहेस. बोटं दिसली, बांगड्या दिसल्या, खोकला ऐकू आला. चेहरा काही केल्या दिसेना.

बाहेर पडायच्या वाटेवर काचेच्या पेटीत एका बाईची कवटी होती आणि शेजारी तिचाच चेहरा, हाडांच्या मापावरून बनवलेला. लेक माझा दंड धरून म्हणाली, "पप्पा, बघा ना, हजार वर्षांनी हिचा चेहरा परत आणला! आणि माझं नाक आजीवर गेलंय ना? फोटोत अगदी सेम आहे." मी म्हणालो, "हो, तिचंच."

तुझं नाही, आई. ते मावशीचं नाक आहे. तू गेलीस तेव्हा तेराव्याला मांडायला घरात तुझा एकही फोटो नव्हता. मी मावशीचा एक फोटो उचलून स्टुडिओत दिला. फोटोवाला म्हणाला, "सख्ख्या बहिणी ना? मग झालं की. कुंकू मोठं करतो, केस थोडे पांढरे करतो. वर्षभरात घरचेपण विसरतील बघा." मावशीनं तो फोटो पाहिला, तोंडाला पदर लावला आणि पुढे कधीच त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आता तीही नाही.

फोटो का नव्हता, ते तुला ठाऊक आहे. अंबडच्या कंपनीत मी पर्मनंट झालो, स्कूटर घेतली, मित्र कॅमेरा घेऊन आला. तू बाजारातून आलीस, फुलांची पाटी उतरवलीस आणि तशीच येऊन माझ्याशेजारी उभी राहिलीस. मला लाज वाटली. "आई, तू जरा बाजूला हो, तुझा चांगल्या साडीत वेगळा काढू." तू सरकलीस. "काढा बाबा तुम्ही, माझं काय हाय त्यात." तेव्हा तू हसलीस की नाही, तेही आठवत नाही. तो वेगळा फोटो निघालाच नाही. आहे त्या फोटोत मी आहे, स्कूटर आहे आणि कडेला तुझं कोपर आहे.

त्या परक्या बाईची निदान हाडं तरी मिळाली. तुझ्या अस्थी मी माझ्या हातांनी रामकुंडात सोडल्या, आता कशावरून माप घेणार? लेकीला खरं सांगायचं, तर तिची आजी काढून घ्यायची आणि बदल्यात एक कोपर द्यायचं. माझ्यानं नाही होणार ते. म्हणून हे तुला लिहितोय, आणि तुला पाठवता येत नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलंय.

काल त्या फोटोला हार घातला. हात जोडून डोळे मिटले, तर मावशी दिसली. पुष्कळ प्रयत्न केला, तरी मावशीच. आई, आज तू रस्त्यात समोरून आलीस, तर मी तुला ओळखणार नाही.