बोगोरियाच्या काठावरचा पांढरा थर

आप्पा, काल मी चारचौघांत मोठ्यानं ओरडले. तेही आमच्या मुख्याध्यापिकेवर. आणि तरी आज मान ताठ आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी बेळगावला कॉलेजात होते. आता केनियात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. काल तीस मुलींना घेऊन आम्ही बोगोरिया सरोवरावर गेलो. बसमधून उतरलो. काठाकाठानं लांबवर गुलाबी रंग पसरलेला, आणि तो रंग हलत होता. रोहित पक्षी, आप्पा. इतके, की मध्ये पाणी दिसेना. त्यांच्या अलीकडे जमिनीतून उकळतं पाणी माणसाच्या उंचीएवढं उसळत होतं. मुलींनी फडक्यात बांधून त्यात अंडी उकडली. मी मात्र दर पाच मिनिटांनी मुली मोजत होते.

"बसा हो जरा," मुख्याध्यापिका हसल्या. "तुम्ही तर बशीतल्या चहालाही घाबराल!"

माझी नोकरी पुढं चालू ठेवायची की नाही, हे त्याच ठरवणार होत्या. मीही हसले. मग पक्ष्यांचा फोटो जवळून घ्यायचा म्हणून त्या वाट सोडून पांढऱ्या, सुकलेल्या थरावर निघाल्या. मागोमाग चार मुली. तिथं वाफ दिसत नव्हती. पण त्या पांढऱ्यात एक ओलसर, करडी कड दिसली आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा! कुणी पाऊल टाकू नका!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझी चूक निघाली तर? तरी मागं मुलींजवळ थांबलेल्या आमच्या वाटाड्याची काठी घेतली, पुढं झाले आणि टोचली. थर पापडासारखा फुटला आणि खालून पाणी खदखदत वर आलं. मुख्याध्यापिकेच्या चपलेपासून हातभर अंतरावर.

निपाणीजवळच्या त्या गुऱ्हाळावर तुम्ही रसाच्या कढईखालच्या चुलवाणात जाळ घालायचात. मी आठ वर्षांची. तुमची भाकरी घेऊन येते आहे, आणि बाहेर ओढून टाकलेल्या राखेवरून आडवी निघाले आहे. राख पांढरी, अगदी निवलेली दिसते. तुम्ही दंड धरून मला मागं खेचता. "डोळं फुटलं काय गं? वरनं गार दिसतंय, खाली इंगळ हाय न्हवं!" मी रडायला लागते. तुम्ही उसाचं वाळकं चिपाड राखेत खुपसता. ते भप्पकन पेटतं. "आदी काठी, मग पाय. आनि दुसरं कोन जात आसलं तर बोंब मारायची. मग त्यो मालक का असंना."

काल परत येताना मुलींनी बसमध्ये माझ्यावर गाणं रचलं. मुख्याध्यापिकेनं माझा हात धरला तो शाळेपर्यंत सोडला नाही. "उद्याच सही करते तुमच्या कागदावर," त्या म्हणाल्या. "आणि यापुढं प्रत्येक सहल तुम्हीच न्यायची." भित्री म्हणून हसल्या होत्या ना, त्याच. मला बसच्या टपावर उभं राहून ओरडावंसं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "हे कुठं शिकलात?"

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून हेही लिहिते. मी म्हणाले, "एका पुस्तकात वाचलं होतं."