दहा दिवस बांधून ठेवायचं कुत्रं

४ फेब्रुवारी १९५७
रावेत. सकाळीच सायकलवर गेलो. कुत्र्यांना कुचल्याचे विषारी गोळे टाकले. सात कुत्री मेली. शेवटचं तांबडं, देवळामागं. गळ्यात पट्टा नाही, म्हणजे नियमानं बेवारशी. खेड्यात कुत्र्याला पट्टा कोण बांधतो? तरी वहीत तसंच लिहिलं. नदीकाठी पुरली.

५ फेब्रु.
कचेरीत रावेतची सोनाबाई, नवऱ्याबरोबर. पोटरीला फडकं. परवा तांबडं कुत्रं चावलं. गावच्या डॉक्टरांनी सांगितलंय, कुत्रं दहा दिवस बांधून ठेवा. जगलं तर बाईला भीती नाही.
"आमी हुडकतोय. तुमाला दिसलं का, सायब?"
काल मारलं, म्हणालो.
नवरा म्हणाला, "मंग आता कुनाकडं बघायचं?"

६ फेब्रु.
तिला मीच पुण्याला दवाखान्यात नेलं. नवरा नव्या कारखान्यात, रजा नाही. पोटात चौदा सुया, रोज एक. डॉक्टर चिडले. कुत्र्याचं डोकं तरी आणा म्हणाले, तपासू. संध्याकाळी जाऊन बघितलं, कोल्ह्यांनी आधीच उकरलेलं.
मारण्याआधी विचारायचं असतं, कुणाला चावलंय का. दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. लढाईत ब्रह्मदेशात खेचरांच्या तुकडीत होतो, आजारी खेचराशेजारी बसून राहायचो. जनावरांची माहिती आहे म्हणून ही नोकरी मिळाली. माहिती!

१० फेब्रु.
चार सुया झाल्या. आज चिंचवड स्टेशनवर आलीच नाही. रावेतला गेलो तर ज्वारी काढत होती. पोट सुजून दगड झालंय. आळंदीकडच्या कुणी पाला दिलाय, त्यावर सुई चालत नाही म्हणे. हात जोडले तिला.
"तुमी कशापायी येवडं करता? कुत्रं मारलं ते बरंच केलं की."
शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

१३ फेब्रु.
आज दहा दिवस भरले असते. तांबडं जगलं असतं तर आज सगळं मिटलं असतं. मेलं असतं तरी कळलं असतं, उरलेल्या सुयांना ती निमूट आली असती. आता काहीच कळणार नाही, आणि ती सुईला येत नाही.

२ मार्च
डॉक्टर म्हणाले, रोग उठायला महिना, तीन महिने, कधी वर्षसुद्धा. आधी चावल्या जागी मुंग्या येतात, पण पक्की खूण म्हणजे पाण्याची भीती. म्हणून आठवड्यातून दोनदा रावेतला जातो, पाणी मागतो. तिला म्हणतो, तुम्हीही घ्या. ती हसते, पिते. मी तिच्या गळ्याकडे बघतो. कुत्र्यावर ठेवायची नजर बाईवर ठेवतोय. लाज वाटते.

१९ मार्च
चिंचवडच्या कुत्र्यांची यादी आली. गोळे केले नाहीत. साहेब म्हणाले, मग दुसरा माणूस बघू. बघा म्हणालो. घरी अजून सांगितलेलं नाही.

२७ मार्च
रावेत. ऊन मरणाचं. सोनाबाई रानातून नुकतीच आलेली, ओट्यावर पोटरी चोळत बसली होती. मुंग्या येतात म्हणाली. पाणी मागितलं. तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. तुम्हीही घ्या, म्हणालो.
"तुमीच प्या. मला तहान न्हाई."
थोड्या वेळानं परत म्हणालो.
"न्हाई वो," म्हणाली आणि आत गेली.
ओट्यावर बसूनच हे लिहितोय. तांब्या तसाच भरलेला आहे.