दारातला शब्द

४ डिसेंबर, दुपार

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. वन्सं म्हटलं की तुला राग येतो हे मला माहीत आहे. येऊ दे. रागावलेलं माणूस पत्र शेवटपर्यंत वाचतं, असा माझा अनुभव आहे.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. थंडी यंदा लवकर पडली. सकाळी पिंपातल्या पाण्यावर बर्फ धरलेला असतो, तो लाटण्याने फोडायचा आणि मग चहाचं आधण ठेवायचं. खिडकीच्या फटींत मी तुझे जुने फ्रॉक कोंबले आहेत. निळा तेवढा ठेवलाय. पिठाच्या डब्यामागे उंदीर झालेत. टकळीने प्रत्येक उंदराला नाव ठेवलंय, मी नुसतीच नावं ठेवते. हो, लेकीला आम्ही अजून टकळीच म्हणतो. तू गेलीस तेव्हा पाळण्यात होती, आता तोंड मिटत नाही तिचं. फक्त सध्या खोकला आहे, त्यामुळे मधेमधे मिटतं.

मामंजींचा गुडघा धरलाय. करवतीला बसता येत नाही. सरपण अर्धंच झालंय. एरवी या दिवसांत लाकडाची थप्पी खिडकीच्या वर गेलेली असते, यंदा टकळी उभी राहिली की तिच्या खांद्याला लागते. आणि त्यातलं निम्मं ओलं. चुलीत घातलं की फुसफुसतं, रडतं आणि धूर करतं. जळत मात्र नाही.

दादाचं काय, असं तू केव्हापासून मनात विचारत असशील. त्याचंच लिहायला बसले होते आणि उंदरांपर्यंत जाऊन आले.

वन्सं, तुझा दादा गेला. तळ्यात.

आता लिहून टाकलं. या घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारते आहे, तेही कागदावर, आणि दार लावून.

झालं ते असं. मोठी करवत तळ्यापलीकडे, झाडं तोडतात तिथं, राहिली होती. बर्फ पडायच्या आत ती आणायची, असं दोन दिवस चाललं होतं. त्या दिवशी मी ताटं घेतली आणि मामंजींनी दारातून हाक मारली, "अरे, जेवायला ये!" सरपणाच्या खोपटामागून आवाज आला, "येतोऽ!" मीही ऐकला. मामंजी आत आले आणि म्हणाले, "वाढ. येतोय तो."

मी वाढलं. सूप निवलं. मी ते परत चुलीवर ठेवलं. मामंजी चिडले, "जेवण तोंडाशी आलं तरी याचं लाकूड सुटत नाही." ते जेवले, मी जेवले. त्याचं ताट झाकून ठेवलं.

तो जेवायला येत नव्हताच. तो निघाला होता. हाक त्याने ऐकली की नाही, देव जाणे. खोपटामागच्या फाटकातून बाहेर पडताना, आपण सगळे म्हणतो तसं म्हणाला तो, "येतो." एवढंच. आपली माणसं जातानाही येतो म्हणतात आणि येतानाही येतोच म्हणतात. दोन्हींत फरक करायचा कसा, भिंतीआडून?

त्याला शोधायला निघेपर्यंत उजेड गेला होता. दुसऱ्या दिवशी लाकूड नेणाऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि दोन तोडकरी आले. त्याची ढकलगाडी तळ्यावर सापडली, वर गोणपाटात गुंडाळलेली करवत, दोरीने नीट बांधलेली. म्हणजे तो येत होता. करवत घेऊन, जवळच्या वाटेने, तळ्यावरून. गाडीच्या पुढे बर्फ फुटून पुन्हा धरला होता. नवा बर्फ काळा दिसतो. ड्रायव्हरने टोपी काढली. मी त्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिले. मामंजींनी दोरी सोडून करवत उचलली, पातं बोटाने तपासलं आणि म्हणाले, "गाडी इथं ठेवून पलीकडे गेला असेल. येतो म्हणालाय."

तेव्हापासून हेच चाललंय. रोज दुपारी दारात उभे राहून हाक मारतात, जेवायला ये. मी ताट वाढायचं. मग ते झाकायचं. मला रडायचीही चोरी आहे. मी रडले तर तो मेला असं होईल, आणि ते मामंजींना खपत नाही. एकदा टकळी खोपटामागे खेळत होती. आजोबांची हाक आली तशी ती तिथून ओरडली, "येतेऽ!" आवाज बापाचाच घेतलाय कार्टीने. मामंजी गुडघ्याचं दुखणं विसरून पायऱ्या उतरले. तिला बघितलं. तिथंच थप्पीवर बसून राहिले. मला त्यांची इतकी कीव आली आणि इतका संताप आला, की मी आत येऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

आता कामाचं. ड्रायव्हर म्हणतो, महिनाअखेर रस्ता बंद होईल, तो थेट बर्फ वितळेपर्यंत. तोडकरी गेले. आम्हीही निघायला हवं. ओल्या लाकडावर म्हातारं माणूस आणि खोकणारं मूल, हा हिवाळा काढणार नाहीत. मामंजी हलायला तयार नाहीत. "तो आला आणि घराला कुलूप दिसलं, तर?"

माझं ते ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. हसू नकोस. त्यांच्या लेखी माणूस दारात जे बोलतो तेच खरं. आम्हाला कधी "जातो" म्हणू दिलं नाही त्यांनी. मागे टकळी चुकून म्हणाली तर तिचा कान पिळला होता. तू दारात उभी राहून त्यांच्या तोंडावर "जाते" म्हणालीस आणि गेलीस. तेव्हापासून तुझा विषय निघाला की म्हणतात, "ती बोलली तशी वागली." रागाने म्हणतात, पण त्या रागात मान आहे, हे मला दिसतं. म्हणून तू लिही. सरळ लिही: बाबा, ते निघतानाचं "येतो" होतं, दादा गेला. मी मोठ्याने वाचून दाखवीन.

टकळीने आत्याला पापा दिलाय. तिला आत्या म्हणजे काय ते माहीत नाही, पण पापा दिलाय.

तुझी,
वहिनी


२० डिसेंबर

प्रिय वन्सं,

हे पत्र जंगलाच्या तोंडाशी, ड्रायव्हरच्या घरी बसून लिहिते आहे. टकळी शेजारी झोपली आहे. डॉक्टरांनी तपासलं. छातीत कफ साठलाय, पण वेळेत आणलंत म्हणाले. ड्रायव्हरची बायको भली आहे. बोलत नाही आणि सारखं खायला देते. अशा वेळी याहून चांगलं माणूस नसतं.

तुझं पत्र पोचलं. मी दारातच फोडलं आणि मामंजींना वाचून दाखवायला लागले. वाचतानाच माझ्या लक्षात आलं की हे ते पत्र नाही.

मी तुला दोष देत नाही. भाऊ गेल्याचं तुला माझ्याच पत्रातून कळलं, आणि लगेच तेच बापाला लिही असं मी सांगितलं. कुणाचा हात चालेल? तू लिहिलंस, "बाबा, मला सारखी तुमची आठवण येते. कारखान्यातून सुट्टी मिळाली की मी येते. मग सगळं बोलू." मायेनेच लिहिलंस. मी वाचलं आणि मामंजी म्हणाले, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"येते म्हणालीय?"

"हो."

"जाते म्हणून गेली होती."

"हो, मामंजी."

इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझी खोली उघडली. दाराची बिजागरी ठोकली. फटींतले फ्रॉक काढून, धुऊन, तुझ्या पलंगावर घड्या घालून ठेवले. आणि तिथली शेगडी पेटवली. खोलीला ओल येऊ नये म्हणून रोज पेटवतात, वन्सं. एका चुलीला लाकूड पुरत नव्हतं, तिथं आता दोन पेटतात. मी बोलले तेव्हा म्हणाले, "मुलगा येतो म्हणालाय, मुलगी येते म्हणालीय. आणि तू म्हणतेस घर बंद करू? अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

मग मात्र मी बोलले. आवाज चढवून बोलले, सासऱ्यांपुढे, पहिल्यांदाच. म्हटलं, तो तळ्यात आहे! तुम्ही करवत उचललीत तेव्हा तुम्हालाही दिसलं होतं! ते चुलीत लाकूड सरकवत होते. सरकवून झालं, हात झटकले आणि अगदी हळू म्हणाले, "दिसलं ना. पण मी त्याला जेवायला बोलावलं होतं. मी बोलावलं, तो येतो म्हणाला. आता मीच उठून जाऊ?"

त्यांना माहीत आहे. मला वाटत होतं म्हातारपणाने डोकं फिरलंय. डोकं शाबूत आहे. ते शब्द पाळताहेत, त्याने दिलेला, त्याच्या वतीने.

टकळीला रात्रभर ढास लागली, तेव्हा त्यांनीच मला सांगितलं, "पोरीला घेऊन निघ. मी आहे इथं." ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन आला. मी त्यांच्यासाठी बटाटे उकडून ठेवले, पीठ वर टांगलं, जेवढं जमलं तेवढं लाकूड फोडून दारापाशी रचलं. तळहाताला फोड आलेत, अक्षर म्हणून असं तिरकं आलंय.

टकळीला त्यांनी उचलून वर बसवलं. ती शहाण्यासारखी म्हणाली, "येते हं, आजोबा."

ते म्हणाले, "जाते म्हण."

ती माझ्याकडे बघायला लागली. ज्या माणसाने कान पिळला होता तोच हे सांगतोय. तिला वाटलं, आजोबा आपली गंमत करताहेत.

"जाते म्हण, बाळा. दोघांची वाट बघतोय. आणखी दोघींची बघायची तर तेवढं सरपण नाही माझ्याकडे."

टकळी म्हणाली. अगदी हळू, आपला कान हाताने झाकून म्हणाली, "जाते." मामंजींनी मान हलवली, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी येतेही म्हणाले नाही, जातेही नाही. तोंड घट्ट मिटून ट्रॅक्टरवर चढले. वळणापर्यंत ते दारात दिसत होते. नंतर झाडं आली.

ड्रायव्हर सांगतो, रस्ता बंद व्हायच्या आत एक फेरी होईल. पुढच्या शुक्रवारी, पहाटे. त्यानंतर थेट उन्हाळ्याच्या तोंडाला. सुट्टी मिळाली की, असं तू लिहिलं आहेस. सुट्टी मागू नकोस. ये. ड्रायव्हर तुला घेऊन जाईल. दारात उभी राहा, ज्या दारातून गेलीस त्याच. त्यांना तू डोळ्यांनी दिसू दे. दोन शब्दांतला एक खरा झाला की दुसरा ते सोडतील, अशी माझी आशा आहे. आशाच आहे, खात्री नाही. मग त्यांना सांग, मला सांगता आलं नाही ते, आणि हाताला धरून घेऊन ये. तू आली नाहीस, तर हिवाळाभर ते दोन चुली पेटवतील, आणि त्या विझल्या तरी जागचे उठणार नाहीत. तुझ्या दादाचा शब्द तळ्याने मोडला. तुझा मोडायला कुणी नाही, तू सोडून.

आत्ता दुपार आहे. ते दारात उभे राहून जेवायला बोलावत असतील. ताट वाढायला मी नाही, आणि ओ द्यायला टकळीही नाही.

कळावं. लोभ असो नसो, ये.

वहिनी