जीनचे कोरे गुडघे

३ मार्च, सोमवार

जीन पँट हवी म्हणे! माझा लेक गोकुळ दिवाळीनंतर कापसाच्या भरल्या टेम्पोवरून पडला, तेव्हापासून पायांत जोर नाही, दिवसभर खुर्चीत. मी शहाद्याहून मऊ लुंग्या आणल्या — नेसवायला सोप्या, धुवायला सोप्या. त्यानं हातानं बाजूला सारल्या. "लुंगी आजारी माणूस नेसस, माय. मी आजारी नई शे."

आजारी नाही तर मेहनत का करत नाही? चिंचपाड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडी जान आहे पायांत, जमिनीवर उतरवा, रांगू द्या, मग उभं करा. हा ऐकत नाही. उतरवायला गेलं की एकच — "पडी जासू."

सून मोहिनी उठली. पेटीतून नवऱ्याच्या दोन जुन्या जीन काढल्या.

५ मार्च, बुधवार

आजारपणाचं कापड रोज धुवायचं, हा माझा नेम. गरम पाणी, सोडा, वरून जीन मोगरीनं बडवली. अर्धा रंग मोरीत! दोरीवर टाकली तर निळं पाणी ठिबकलं बाळकृष्णाच्या पांढऱ्या वस्त्रावर. चूक माझीच, पण बजावलं — पँट देवाच्या कपड्यांजवळ आणायची नाही.

सूनबाई म्हणते, "मिरची कुटतस तशी कुटी टाकी तुम्ही, आई."

हसू आलं. लुगड्याला चालतं ते जीनला चालत नाही.

९ मार्च, रविवार

या पोरीचं डोकं! तिच्या ब्लाउज शिवायच्या मशीनपाशी बसून पँटचे मागचे खिसे उसवले. बसल्या जागी जाड शिवण रुतली तर त्याला कळणारही नाही, कातडी सोलायची. बाजूची शिवण मांडीपर्यंत उघडून चिकटणारी पट्टी लावली — निजल्या निजल्या चढते. बैठकीला विरलंय, तिथं ठिगळ नाही. निळा दोरा घेऊन मशीन मागं-पुढं, मागं-पुढं. बोट फिरवलं, काही लागत नाही.

धुणं पण वेगळं. बटणं लावायची, उलटी करायची, गार पाणी, थोडी पावडर, न पिळता सावलीत. बारीक डाग पडला तर तेवढाच ओल्या फडक्यानं टिपायचा. रोज बुचकळायची नाही. मळली तर मात्र लगेच, तिथं आळस नाही.

कापड जपणं मी माझ्या सासूकडून शिकले. आता सुनेकडून.

१४ मार्च, शुक्रवार

धूळवड. शेजारच्या निर्मलाबाई रंग घेऊन आल्या, खुर्चीकडे पाहून म्हणाल्या, "पाय हालतस नई, नि हिरोले जीन पाहिजे!" मोहिनी पुरणपोळी लाटता लाटता म्हणाली, "मंग काय? लुंगी व्हिलन नेसस, काकू." गोकुळ हसला. किती दिवसांनी!

२२ मार्च, शनिवार

मोहिनीसोबत पँट उलटी करत होते. ती म्हणाली, माणूस जिथं टेकतो तिथंच कापड विरतं. खरंय. बैठक दोनदा दुरुस्त झाली. गुडघे मात्र कोरे, एक धागा विरलेला नाही.

पाहवेना.

८ एप्रिल, मंगळवार

एकादशी. देवाजवळ एकच मागणं.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी, अक्षय तृतीया. गल्लीत झोके, लेकीबाळी माहेरी आलेल्या. मोहिनीला न्यायला तिचा भाऊ गोवाल आला. मी सांगितलं, जा, चार दिवस मी पाहीन. ती गेली नाही. भावाच्या हातावर सांजोऱ्यांचा डबा ठेवून म्हणाली, "पुढली आखाजीले जोडीनं येसूत."

गोकुळ खुर्चीतच होता. ऐकलं त्यानं. संध्याकाळी नीट जेवला नाही.

५ मे, सोमवार

दुपारी मी भजनाला, मोहिनी ब्लाउज पोचवायला गेलेली. येऊन पाहते तर देवघरापुढची रांगोळी पार फिसकटलेली. मांजरीला झाडू फेकून मारला.

७ मे, बुधवार

पुन्हा मांजर! सकाळीच गुलाबी रांगोळीची मोठी कमळं काढली होती.

८ मे, गुरुवार

एकादशी. पँट धुवायला घेतली. उलटी करणार तोच दिसलं — दोन्ही गुडघे घासून पांढुरके. विणीत गुलाबी रांगोळी.

मांजर नव्हतंच. खुर्चीवर परत चढला कसा, तोच जाणे.

मोहिनीला बोलावलं. तिनं गुडघ्यांवरून हात फिरवला. मग डोळे पुसून निळा दोरा शोधायला उठली. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे, बेटा. आजून घासू दे त्याले."

आज पँट धुतली नाही. घडी घालून बाळकृष्णापुढं ठेवली.