गंभीररावांचा उजवा पाय

मैलापूर, मद्रास
९ फेब्रुवारी १९५९

चि. प्रतापसिंह यास,

गोदाक्काचा अर्धा आशीर्वाद. (उरलेला अर्धा, पत्र संपेपर्यंत तुझ्याबद्दल माझे मत काय होते त्यावर.) तंजावरात सगळे खुशाल असाल. तुझ्या सरोजाच्या गुडघ्यांना उतार पडला असेल. तिला म्हणावे, दिवसातून दहादा गच्चीवर जाऊन शेजारणीशी बोलायची गरज नाही, शेजारीण खाली येऊ शकते. तुझी प्रकृती विचारत नाही. ज्याने आपल्या मावसबहिणीला असा घोडा दिला, तो धडधाकटच असणार.

गेल्या वैशाखात घोडा धाडताना तू लिहिले होतेस, "शांत, कष्टाळू, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेस शोभेल असा." मी विश्वास ठेवला. जनावराचा चेहरा पाहून त्याचे नाव गंभीरराव ठेवले आणि माझ्या घोडागाडीला, जटक्याला जुंपले. घर ते शाळा, शाळा ते घर, एवढेच काम. आठवडाभर उत्तम चालला. मग एका सकाळी कल्याणमंडपाच्या वळणावर त्याने उजवा पाय उचलला, हवेतच धरला, तापल्या तव्यावर ठेवावा तसा खाली ठेवला आणि लंगडत निघाला. पुढची गल्ली ओलांडली की पुन्हा सरळ! कधी हा प्रकार रोज, कधी चार दिवस काही नाही, मग पुन्हा सुरू.

मी हातपाय गाळणारी बाई नव्हे, हे तू जाणतोस. जनावरांचे डॉक्टर कृष्णस्वामी घरी येऊन पाय दाबून, वाकवून, ठोकून गेले. त्यांना काही सापडले नाही. नाल बदलले. गाडीवान नागोजीने दृष्ट म्हणून लिंबू बांधले, ते गंभीररावांनी खाल्ले. वळणावरचे खडे टोचत असतील म्हणून मी कॉर्पोरेशनात इतके हेलपाटे घातले की त्यांनी रस्ता नवा केला. रस्ता गुळगुळीत झाला, घोडा होता तसाच. शेवटी मेथीचा लेप सुरू केला, आणि तमिळ आडी महिन्यात पाय खणखणीत बरा! (मी प्रार्थनेनंतर मुलींना चिकाटीवर भाषणही दिले.) आवणी महिना लागला आणि पुन्हा लंगडा. मग हळद आणि तिळाचे तेल. मार्गळी महिन्यात पुन्हा बरा. तै महिना लागताच पुन्हा लंगडा. आडीत आणि मार्गळीत आपल्या या मुलखात काय होत नाही, हे एखाद्या पोरीनेही सांगितले असते. पण मला सुचले नाही, कारण मी औषधाचा विचार करत होते.

तेव्हा शाळेचे कार्यवाह सेतुमाधवराव म्हणाले, "बाई, विकून टाका. गिऱ्हाईक मी बघतो." गिऱ्हाईक मिळालेही. लंगड्या घोड्याचे गिऱ्हाईक त्याला गाडीला जुंपायला नेत नाही, हे मला ठाऊक होते. त्या सकाळी मी घरातला होता नव्हता तेवढा कापूस त्याच्या पायाला गुंडाळून शेवटचा शेक दिला आणि त्याच्याकडे न पाहता जटक्यात बसले. संध्याकाळी तो माणूस त्याला न्यायला येणार होता.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. लग्नसराईत वाजंत्री आणि कर्णे यांनी माझे डोके उठते, म्हणून मी वाटभर कानात कापूस घालते. नागोजीला मी पाच जणांतून निवडले ते तो उलटून बोलत नाही म्हणून. त्याला ऐकूच येत नाही, हे मागाहून कळले. म्हणजे इतके महिने त्या गाडीत कान असलेला एकटा घोडाच होता.

त्या दिवशी माझा कापूस त्याच्या पायाला होता. वळणावर आलो, कल्याणमंडपातल्या लग्नाची वरात समोरून आली, ढोलासारखा तविल कडाडला आणि गंभीररावांनी उजवा पाय उचलला. तालावर! ठेवला, तोही तालावर. प्रतापसिंह, तो घोडा लंगडत नव्हता, नाचत होता! आडीत आणि मार्गळीत लग्ने नसतात, म्हणून तेवढेच महिने बरा! तविलवाल्याने ते हेरले आणि लय वाढवली. गंभीररावांनी मान वाकवली, शेपूट उभारली आणि जटक्यासकट, माझ्यासकट वळून ते वरातीच्या पुढे लागले. नागोजी लगाम ओढत ओरडत होता, "अक्का, आज दोन्ही पाय गेले!" नवरीचा मामा धावत आला, "वांगो मामी, वांगो!" (या मामी, या!) म्हणत माझ्यावर गुलाबपाणी शिंपडून, चंदन लावून, हातात खडीसाखर देऊन मोकळा. मी वरपक्षाची नव्हे हे सांगायला तोंड उघडले, तर दुसऱ्याने पेढा भरला. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती, माझ्या गळ्यात हार होता आणि सहावीच्या वर्गाने उभे राहून टाळ्या वाजवल्या.

गिऱ्हाईक संध्याकाळी आले. मी त्याला उभे राहून एवढेच सांगितले, की घोड्याला काहीही झालेले नाही. सेतुमाधवरावांना मात्र सविस्तर सांगितले.

पण वरातीत नाचणारा घोडा 'शांत, कष्टाळू' म्हणून गळ्यात मारणे हे तुला शोभले नाही. असले जनावर शाळेच्या दारात शिस्तीला धरून नाही. तरी माणूस धाडून त्याला घेऊन जावे.

तुझी,
गोदाक्का

ता. क. माणूस धाडू नये. धाडायचाच तर त्याच्याबरोबर घोड्याची मखमली झूल, कलगी आणि पायांतले चाळ पाठव. ते तू माळ्यावर दडवले आहेस असे सरोजा कळवते. वैशाखात माझ्या भाचीचे, चंद्रिकेचे, लग्न आहे. नवरामुलगा रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात आहे, यंत्राला भीत नाही पण घोड्याला भितो. तेव्हा तो मोटारीत बसेल आणि पुढे गंभीरराव. हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच. उरलेला अर्धा आशीर्वाद झूल पोचल्यावर.

ता. क. २. सध्या शाळेला जाताना कापूस त्याच्या कानात घालते. बाणासारखा सरळ चालतो. रविवारी मात्र त्या वळणावरून आम्ही एक फेरी मारतो. त्या दिवशी कापूस नाही. त्याच्याही कानात नाही, माझ्याही नाही.