घर वाले पन्नास, बाहर वाले शंभर

२ फेब्रुवारी, रविवार

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची जानेवारीतच बंद पडली, पण तेव्हा थंडी फार होती.

संकल्प. चहा दिवसाला दोनच. कोणावर ओरडायचं नाही, डॉक्टरांनी बी.पी.साठी सांगितलंय. आणि आमच्या झाशीच्या सीपरी समर्थक मंडळाचं सेक्रेटरीपद. ते झाल्यातच जमा आहे. १६ तारखेला फुटबॉलची फायनल, दुसऱ्या दिवशी निवडणूक. फायनलमध्ये मी चमकणार, मग समोर उभं कोण राहणार?

फायनल आपल्याच मैदानावर. आपली सीपरी इलेव्हन विरुद्ध भुसावळचा तापी क्लब. तिकीट शंभर रुपये. क्लब म्हणतो, एकाच बाजूला अर्ध्या किमतीत देणं परवडेल. घरच्या प्रेक्षकांना की पाहुण्यांना, ते समर्थकांनी ठरवावं. म्हणजे मी.

अडचण एकच. कमलचं माहेर भुसावळ, आणि तिचा भाचा सुबोध तापीचा सेंटर फॉरवर्ड. पण मी तत्त्वाचा माणूस आहे. बायको बायकोच्या जागी, फुटबॉल फुटबॉलच्या.

४ फेब्रुवारी

बैठक. इलाइट चौराह्यावर दामोदरच्या स्पोर्ट्‌सच्या दुकानात, बॅडमिंटनच्या जाळ्यांखाली. चहा त्याचाच, त्यामुळे मोजला नाही.

दामोदर म्हणाला, पाहुण्यांना पन्नास, आपल्याला शंभर. "काए भैया, बे रात भर रेल में बैठ के आ रए, आधो टिकट उनको बनत है." यालाही सेक्रेटरी व्हायचंय, म्हणून हा गोडवा. नीरज कॉलेजात शिकवतो, तो म्हणाला दोघांनाही पंचाहत्तर करा, क्लबला हिशेब तोच पडतो. ही प्राध्यापकांची सवय.

मग मी उठलो. म्हटलं, पाहुणा एकदा येतो. आम्ही दर रविवारी येतो. उन्हात येतो, धुक्या-कोहऱ्यात येतो, टीम चार गोलांनी हरत असताना शेवटपर्यंत बसतो. त्याची काही किंमत आहे की नाही? पावणेतीनशे वर्षं आमचं घराणं या मातीत आहे. मागून कोणीतरी म्हणालं की मुद्दा तिकिटाचा आहे. दुर्लक्ष केलं.

मतदान. एका मताने जिंकलो. ते मत माझंच होतं, पण मत ते मत.

५ फेब्रुवारी

नियमावली माझ्याकडे सोपवली. दामोदरने तोंड वाकडं करून विचारलं, ओळखणार कसे कोण घरचा नि कोण बाहेरचा? मी म्हटलं, आधार कार्डावर "झाँसी नगर" पाहिजे. तो म्हणाला, जिल्हा लिहा ना. कमाल आहे! जिल्हा लिहिला तर पार एरच गावापासूनचे सगळे अर्ध्या पैशात आत शिरतील. नगर म्हणजे नगर. ओळखपाळख चालणार नाही, गेटवरचे गार्डसुद्धा बाहेरच्या एजन्सीचे आणा, म्हणजे कोणी भैया-भैया करून घुसणार नाही. सगळं मंजूर. सेक्रेटरीपदाच्या उमेदवारालाही हीच अट लावून टाकली. दामोदरचं मूळ गाव ललितपूरकडचं आहे असं ऐकून आहे. बघू कसा उभा राहतो.

घरी येऊन कमलला मसुदा वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, तुमचं आधार एकदा काढून बघा. गॅस एजन्सीचं काहीतरी असणार. बघतो म्हटलं.

८ फेब्रुवारी

वातावरण तापलंय. तापीवाल्यांनी मेसेज टाकलाय की दर सारखा केला नाही तर ते गेटसमोर बसून राहतील. आपल्या पोरांनी लगेच उत्तर दिलं की बसून तर बघा. मी ग्रुपवर "शांती बनाए रखें" असं लिहिलं आणि खाली वाघाचं चित्र पाठवलं. चित्र चुकून गेलं.

संध्याकाळी क्लबचा निरोप. गेटवर धक्काबुक्की झाली तर दोन्हीकडच्या प्रेक्षकांना बाहेर ठेवून मॅच बंद दाराआड खेळवणार. चहा चार.

पाट्यांचा मजकूर पाठवला. नीरज "होम" आणि "अवे" म्हणत होता. हिंदी मुलखात इंग्रजी पाट्या? मी लिहून दिलं. "घर वाले ५०". "बाहर वाले १००". अक्षरं वीतभर.

कमलने पुन्हा विचारलं, आधार बघितलंत का? हिला एकदा विषय मिळाला की सुटत नाही.

१० फेब्रुवारी

आज कमलने विचारलं, मी कुठे बसू?

प्रश्नच समजला नाही. म्हटलं, तुझ्या आधारावर झाशी आहे, तू घरची, तुला पन्नास. ती म्हणाली, आणि दादा-वहिनी? त्यांना शंभर, त्यांचा स्टँड पलीकडे, मध्ये दोरी. तसा नियम आहे.

ती म्हणाली, चौथी ते सहावी सुबोध या घरात होता. वहिनी आजारी होती म्हणून पाठवला होता. ताप आला की माझ्याच मांडीवर झोपायचा. त्याची फायनल मी त्याच्या आईपासून दोरीपलीकडे बसून बघू?

आम्हाला मूल नाही. हे इथे लिहायचं कारण नाही, पण लिहिलं गेलं.

मी म्हटलं, कमल, मी स्वतःच्या घरासाठी नियम वाकवला तर दामोदर काय म्हणेल? ती म्हणाली, दामोदरला जेवायला वाढायला सांगा मग.

जेवण वाढलं तिनेच. पण बोलली नाही. आमटी आंबट होती, की मलाच तशी लागली कोण जाणे.

१३ फेब्रुवारी

कमलचा अबोला चालू. बोलते ते फक्त कामापुरतं. गव्हाचं पीठ आणा. दूध जास्त घ्या. पाहुण्यांसाठी गाद्या उन्हात टाकल्या, माझ्या उशीलाही ऊन दिलं, त्यावरून राग ओसरतोय असं माझं मत आहे.

नीरजचा फोन. अजून वेळ आहे, दोघांना पंचाहत्तर करू, तुम्ही हो म्हटलंत तर सगळे हो म्हणतील. एक क्षण वाटलं, म्हणावं हो. मग दामोदरचा चेहरा डोळ्यांसमोर आला. नाही म्हटलं. खंबीर राहिलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाहुणे आले. अनंतराव, म्हणजे कमलचे दादा, रेल्वेत गार्ड होते. केळ्यांचा अख्खा घड घेऊन आले. मला मिठी मारली. म्हणाले, विद्याधरराव, कोणा गाढवाने आमचं तिकीट शंभर केलंय म्हणे?

मी केळं सोलायला घेतलं. कमल माझ्याकडे बघत होती. तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सुबोध टीमच्या हॉटेलवरून पाया पडायला येऊन गेला. केवढा उंच झालाय. मैदान बघून आला म्हणाला, काका, इथेच तुम्ही मला डाव्या पायाने मारायला शिकवलं होतं ना? (शिकवलं होतं. दोन कडुलिंबांच्या मध्ये गोल करून.) मग हसत म्हणाला, मी गोल केला तर टाळ्या वाजवणार ना? म्हटलं, नियमात बसलं तर.

उद्या मी गेटवर स्वतः उभा राहून व्यवस्था बघणार आहे. कपडे इस्त्री केले.

१६ फेब्रुवारी, रविवार. रात्री

आज जे झालं ते थोडक्यात लिहितो.

दुपारी गेटवर दोन रांगा. डोक्यावर माझ्या पाट्या. तापीवाले चिडलेले, त्यांनी ढोल आणले होते. आपली पोरं त्यांना डिवचत होती. एकाने दुसऱ्याची टोपी उडवली. पोलीस काठ्या सरसावून उभे. एक धक्का लागला असता तर मॅच गेली असती. कमल, अनंतराव, वहिनी "बाहर वाले"मध्ये. मी कमलला म्हटलं, तुझी रांग ही नाही. ती म्हणाली, हीच आहे.

मी ताठ मानेने "घर वाले"मध्ये गेलो. पन्नासची नोट आणि आधार पुढे केलं. गार्डने वाचलं. मग मला वाचून दाखवलं. गुरसराय.

गुरसराय जिल्ह्यात आहे, नगरात नाही. बाबा तिथे राहायचे तेव्हा तिथल्याच कॅम्पमध्ये आधार काढलं होतं. साफ विसरलो. नंतर कोण आपलं आधार वाचत बसतं?

मी म्हटलं, मी इथला आहे, हा नियम मीच केलाय. गार्ड म्हणाला, "अंकल, नियम में लिखा है, पहचान नहीं चलेगी." मी पावणेतीनशे वर्षांचं सांगायला लागलो. मागची रांग खोळंबली. कोणीतरी ओरडलं, हा तापीचा माणूस आहे, मराठीत बोलत होता मघाशी, पन्नासमध्ये घुसतोय! आपलीच पोरं. माझी कॉलर धरली. तिकडून तापीवाले धावले, कारण त्यांना वाटलं त्यांच्या माणसाला मारतायत. पोलिसाने शिटी फुंकली. ही फायनल बंद होणार, सुबोध रिकाम्या मैदानात खेळणार, आणि कारण मी. दुसरं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात कमल दोरीखालून वाकून आली. माझी कॉलर त्या पोराच्या हातातून सोडवली, जशी खिळ्याला अडकलेली साडी सोडवावी तशी. गार्डने वैतागून विचारलं, ये घर वाले हैं कि बाहर वाले?

कमल म्हणाली, "भैया, ये हमारे घरवाले हैं. टिकट बाहर वाले का है."

आधी तो गार्ड हसला. मग पोलीस. मग दोन्ही रांगा हसल्या. ढोल वाजला. टोपी ज्याची त्याला मिळाली. माझं तिकीट तिने आधीच काढून ठेवलं होतं, पर्समध्ये. शंभरचं. तिने पाचव्या वर्गातल्या मुलाला नेतात तसं दंडाला धरून मला आत नेलं. मला इतकी लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर इतकं बरंही वाटलं, की दोन्ही एकदम कशी वाटतात ते कळेना.

सीपरी १, तापी २. सीपरी हरली याचं दुःख झालं. खरंच झालं. पण शेवटचा गोल सुबोधने डाव्या पायाने मारला. मी बाकावर उभा राहून टाळ्या वाजवत होतो, हे मला समोरच्या स्टँडमध्ये दामोदर दिसला तेव्हा कळलं. त्याने हात हलवला. मीही हलवला. कमल वहिनींच्या गळ्यात पडून रडत होती.

१७ फेब्रुवारी

दामोदर सेक्रेटरी. बिनविरोध. त्याच्या आधारावर झाँसी नगर आहे. माझा अर्ज बाद.

सकाळी त्याचा फोन आला होता. म्हणाला, भैया, बुरो न मानियो, नियम तुमाओ ई आय. माझाच आहे, खरं. मग म्हणाला, पुढल्या वर्षी दोन्हीकडे पंचाहत्तर करायचा विचार आहे, तुमचं मत काय? मत मागितलं. मी म्हटलं, मला घरी विचारावं लागेल.

दुपारी पाहुण्यांना गाडीत बसवलं. अनंतराव म्हणाले, विद्याधरराव, तुम्ही आमच्यात बसलात, छान वाटलं. मग हळूच म्हणाले, तो गाढव कोण ते कमलने मला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं.

घरी येऊन आधारचा पत्ता बदलायला निघालो. चपला घातल्या. कमल म्हणाली, कशाला? मी म्हटलं, म्हणजे पुढल्या वर्षी घरच्यांच्या रांगेत उभं राहता येईल.

ती म्हणाली, आणि पलीकडे मी कुणाजवळ बसू?

चपला काढल्या. तिने चहा आणला. कितवा ते लिहीत नाही.